बारा अंगुळे

गेल्या आषाढात तीन मुली भर पावसात माझ्याकडे आल्या. तिघीही उत्पादन-आरेखनाच्या शेवटच्या वर्षाला. मला निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी 'सरांना विचारा' असे सांगून जुने सहकारी अधूनमधून कुणाला तरी पाठवतात, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडते. एकीने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. बांबूची पोकळ मूठ, वरच्या टोकाला ब्रश, ब्रशच्या पाठीवर जीभ खरडायला कंगोरे, मुठीच्या पोकळीत पेस्टऐवजी चघळायच्या गोळ्या आणि बुडाच्या झाकणात दातांच्या फटींतून फिरवायच्या दोऱ्याचे रीळ. तोंड धुण्याचे सगळे सामान एका मुठीत, आणि काम संपले की सगळे मातीत. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की दोन आठवड्यांच्या दमट हवेत मुठीला आतून बुरशी आली होती आणि गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला होता.

"डिझाइनचं आम्ही बघतो सर," एक जण म्हणाली, "पण अहवालात इतिहासाचं प्रकरण लागतं. तुम्ही दोन पानं दिलीत तरी चालेल."

दोन पानांना मी हो म्हणालो आणि चार महिने त्यात गेले.

मी यंत्र-अभियंता. सुश्रुतसंहिता आयुष्यात पहिल्यांदा उघडली ती चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायावर, आणि वाचताना वाटले की आपल्यासमोर कारखान्यातले ड्रॉइंगच पडले आहे. दंतकाष्ठाची लांबी बारा अंगुळे. जाडी करंगळीएवढी. काडी सरळ असावी, तिला गाठ नसावी, ती कुठे किडलेली नसावी. मग साहित्य: कडू झाडांत कडुनिंब उत्तम, तुरटांत खैर, गोडांत मोह, तिखटांत करंज. मग वापराची पद्धत: टोकाचा मऊ कुंचला करून एकेक दात वेगळा घासावा, हिरडीला इजा होऊ देऊ नये. सोबत मध, तेल, सैंधव, सुंठ-मिरी-पिंपळीचे चूर्ण. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही लांबी तीच बारा अंगुळे आहे, आणि पुढे काडी कुणी वापरू नये याची यादी आहे: अजीर्ण झालेल्याने, उलटी होत असलेल्याने, दमेकऱ्याने, खोकला किंवा ताप असलेल्याने, तोंड आलेल्याने. माप, माल, वापर आणि निषेध एवढे चारही जिथे लिहिलेले आहेत, अशी तपशीलपत्रे आमच्या धंद्यातसुद्धा रोज पाहायला मिळत नाहीत.

एक अंगुळ म्हणजे ढोबळ पाऊण इंच. बारा अंगुळे म्हणजे नऊ इंच. मी उठून न्हाणीघरातला माझा ब्रश मोजला. साडेसात इंच. सुश्रुताला वरचा दीड इंच कशाला हवा होता, हा प्रश्न तिथेच मनात रुतला. दात घासायला एवढी लांबी लागत नाही.

लांबीचा प्रश्न बौद्ध भिक्षूंनाही पडला होता. त्यांच्याकडे तो आला तो मात्र अपघातांतून. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ही हकिगत आहे. भिक्षू दात घासत नसत, तोंडाला वास येई. तेव्हा बुद्धांनी काडी चावायची परवानगी दिली आणि न चावण्याचे पाच तोटे सांगितले. परवानगी मिळताच षड्वर्गीय म्हणून प्रसिद्ध असलेल्या सहा वात्रट भिक्षूंनी लांबलचक काड्या तोडल्या आणि त्यांनीच श्रामणेरांना, म्हणजे नव्याने आलेल्या पोरांना, मारायला सुरुवात केली. म्हणून नियम झाला की काडी आठ अंगुळांहून लांब नको. मग कुणा एकाने अगदी आखूड काडी चावली आणि ती त्याच्या घशात अडकली. म्हणून दुसरा नियम, चार अंगुळांहून आखूड नको. वस्तूचे प्रमाणीकरण असेच होते. कुणीतरी गैरवापर करतो, कुणाला तरी इजा होते, आणि तक्त्यात एक ओळ वाढते. वर्गात हे सांगायला मला पूर्वी प्रेशर कुकरच्या झडपेचे उदाहरण घ्यावे लागे. हे माहीत असते तर बरे झाले असते.

माझ्या दीड इंचाचे उत्तर मात्र एका चिनी माणसाने दिले.

इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला, दोन वर्षांनी ताम्रलिप्तीला उतरला आणि पुढे सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला. परतीच्या वाटेवर सुमात्रात बसून त्याने भारतातल्या भिक्षूंच्या रोजच्या आचाराचा वृत्तांत लिहिला आणि ६९२ मध्ये चीनला पाठवला. ताकाकुसू या जपानी पंडिताने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८९६ मध्ये ऑक्सफर्डने छापले. तत्त्वज्ञानासाठी लोक ते वाचतात की नाही कोण जाणे, पण जेवण, आंघोळ, पाण्याचे लोटे, चपला, झोपायच्या उशा या सगळ्यांवर त्याने इतके बारकाईने लिहिले आहे की तो आमच्या व्यवसायातलाच वाटतो. दात घासण्याला त्याने अख्खे प्रकरण दिले आहे. काडी बारा अंगुळे, फार तर आठपर्यंत आखूड चालेल, जाडी करंगळीची. एक टोक सावकाश चावून त्याचा कुंचला करायचा आणि दात घासायचे. मध्येच कुणी वडीलधारे समोर आले तर डाव्या हाताने तोंड झाकायचे. घासून झाले की काडी उभी चिरायची, वाकवायची आणि तिने जीभ खरडायची. मग ती धुऊन टाकायची. टाकताना खाकरायचे किंवा बोटे वाजवायची, म्हणजे कुणाच्या अंगावर पडणार नाही.

चिरायची आणि वाकवायची! हे वाचून मी टेबलावरची पट्टी उचलून दोन्ही हातांत धरून पाहिली. काडी चिरून कमानीसारखी जिभेवर ओढायची तर दोन्ही टोकांना चिमूटभर पकड हवी. आखूड काडी वाकेल, पण हातात राहणार नाही. दीड इंच जिभेचा होता. (हे माझे अनुमान. सुश्रुताने जिभेसाठी सोन्याची, रुप्याची किंवा लाकडाची दहा अंगुळे लांब पट्टी वेगळी सांगितली आहे. चरकात तिच्यासाठी तांबे, कथील, पितळही चालते. पण ज्याच्याकडे सोने-रुपे नव्हते तो काय करत होता, हे वैद्य लिहीत नाहीत, प्रवासी लिहितात.)

म्हणजे मुलींची वस्तू तेराशे वर्षांपूर्वी नालंदेच्या आवारात रोज सकाळी शेकडो लोक वापरत होते. टोकाशी ब्रश, लाकडाच्या रसात मंजन, चिरल्यावर जीभ खरडायची पट्टी, आणि शेवटी काटकी होऊन मातीत. इत्सिंगने हेही स्पष्ट केले की चिनी लोक या काडीला 'वाळुंजाची फांदी' म्हणतात ते चूक आहे, नालंदेत त्यासाठी वापरले जाणारे झाड वेगळेच आहे. चूक मात्र टिकली. जपानीत दातकोरणीला आजही 'योजी' म्हणतात, म्हणजे वाळुंजाची काडी.

मग ही एकसंध वस्तू फुटली कशी? फुटल्याची पहिली खूण मला एका रागावलेल्या माणसाच्या लिखाणात मिळाली. जपानी झेन गुरू डोगेन १२२३ मध्ये चीनला गेला तेव्हा तिथल्या मठांतून दंतकाष्ठ नाहीसे झालेले होते. भिक्षूंच्या तोंडाची दुर्गंधी दोन-तीन फुटांवरून येते, अशी त्याची तक्रार आहे. जे दात घासत ते गुरांच्या शिंगात घोड्याच्या शेपटीचे केस बसवलेल्या साधनाने घासत, आणि ती अशुद्ध वस्तू आहे, बुद्धाच्या शिष्याने हातात धरायच्या लायकीची नाही, असे त्याने बजावले. ब्रशचा शोध चीनमध्ये १४९८ मध्ये लागला, असे अनेक पुस्तकांत ठोकून दिलेले असते. डोगेनने त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी त्याच्यावर बहिष्कार टाकायला सांगितले होते. नव्या वस्तूचा पहिला विश्वासू साक्षीदार बहुधा तिचा शत्रूच असतो.

पुढचा भाग सगळीकडे सांगितला जातो, म्हणून झटपट सांगतो. लंडनच्या विल्यम अॅडिसने दंग्याच्या आरोपाखाली तुरुंगात असताना हाडाला भोके पाडून त्यात केसांचे झुबके ओवले, अशी गोष्ट सांगतात; १७८० च्या सुमारास त्याने धंदा सुरू केला एवढे खरे. केस डुकराचे, तेही थंड मुलखातल्या, कारण थंडीतल्या डुकराचे केस राठ असतात. मूठ गुरांच्या हाडाची. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही एकाच वेळी वर्ज्य ठरेल अशी वस्तू ठरवून शोधायची म्हटली तरी याहून नेमकी सापडली नसती. याच सुमारास श्रीमंत इंग्रज प्रवासाला निघताना चांदीची एक डबी बाळगत: आत डोके बदलता येईल असा ब्रश, मंजनाची लहान डबी आणि जीभ खरडायची पट्टी. आपल्याकडे कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा एका चांदीच्या कडीत ओवलेले असत. माझ्या आजोबांची कडी अजून माझ्या कपाटात आहे. पण ती डबी काय आणि ही कडी काय, एका ठिकाणी ठेवलेल्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. एक वस्तू नव्हे.

मंजन वेगळे गेले ते डब्यांत, मग बरण्यांत. कोलगेटची पेस्ट १८७३ मध्ये बरणीतून विकली जाई, १८९६ पासून ट्यूबमधून. आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये ड्यूपाँटच्या नायलॉनचे केस लावलेला ब्रश अमेरिकेत विक्रीला आला. नायलॉन म्हटले की आपल्याला साड्या आणि मोजे आठवतात, पण बाजारात त्याने पहिले पाऊल टाकले ते तोंडात. डुकराची अडचण संपली. त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी स्थापन झालेली होती.

आता इथे माझी लेखणी सैल सुटली असती. काडी किती शहाणी होती आणि आपण किती वेडे, असे लिहायचा मोह मला अनावर झाला होता, आणि दिवाळी अंकात तसे लिहिलेले खपतेही. पण मला माझी आजी आठवली.

आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायची. घरात पुरुषांना गोवऱ्यांची राखुंडी, पोरांना राखुंडी, आणि बायकांना मशेरी. चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी तोंड धुताना मशेरी, जेवणानंतर मशेरी, दुपारी जरा टेकली की मशेरी. तिला विचारले तर ती सांगायची की हिने दात किडत नाहीत. यात प्लास्टिक नव्हते, कारखाना नव्हता, टाकून द्यायला काहीही उरत नव्हते. मुलींच्या अहवालातली प्रत्येक कसोटी मशेरी पार करते. १९७० मध्ये आजीच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, १९७१ च्या श्रावणात ती गेली. शेवटचे दोन महिने तिला पाण्याचा घोटही जात नव्हता. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तोंडाच्या कर्करोगाची आणि त्याच्या पूर्वखुणांची नोंद केली होती. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने बंदी केली ती १९९२ मध्ये, आणि ती बाजारच्या मालाला. चुलीवरच्या तव्याला कोण बंदी करणार?

म्हणून मी मुलींना पहिले काय सांगितले असेल तर हे, की 'पारंपरिक' आणि 'नैसर्गिक' हे शब्द अहवालातून काढून टाका. काडीत गुण असतील तर ते काडीचे म्हणून तपासा. दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोहोचत नाही. दात पडलेल्या माणसाला ती चावताच येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मला काका कालेलकर भेटले. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस गुजरातीत लिहून मोठा झाला. १९३० मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. त्या दिवसांची एक आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. तुरुंगात कडुनिंबाची झाडे भरपूर, तेव्हा कालेलकर रोज ताजी काडी तोडून आणायचे आणि एक टोक ठेचून मऊ कुंचला करून द्यायचे. पहिल्याच दिवशी वापर झाल्यावर गांधीजींनी सांगितले की वापरलेले टोक कापा आणि उद्या याच काडीचे पुढचे टोक ठेचा. काकांना नवल वाटले. रोज नवी मिळते आहे की! त्यावर गांधीजींचे म्हणणे असे की मिळते म्हणून घ्यायचा हक्क पोहोचत नाही, काडी वाळून निकामी होईपर्यंत ती टाकता येणार नाही.

हे वाचून मी कागदावर एक तक्ता केला. मुलींच्या वस्तूतला प्रत्येक भाग किती दिवस टिकतो? गोळी एक दिवस. दोरा एकदाच वापरायचा. ब्रशचे केस दंतवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे तीन-चार महिने. जिभेचे कंगोरे काही वर्षे. बांबूची मूठ, बुरशी लागली नाही तर, तितकीच. वेगवेगळ्या आयुष्यांच्या पाच वस्तू एकत्र चिकटवल्या की सगळ्यांत अल्पायुषी भाग बाकीच्यांना बरोबर घेऊन जातो, नाहीतर प्रत्येकाला सुटे करायला सांधे, आटे, झाकणे करावी लागतात, आणि सांध्यातच पाणी साचते. बुरशीचे कारण बांबूत नव्हते, झाकणाच्या आट्यांत होते. काडीत ब्रश, मंजन आणि जिभेची पट्टी एकाच सकाळी संपत होती. ती 'सर्व काही एकात' होती ती यामुळे.

याच सुमारास मुलींनी मला एक शोधनिबंध आणून दिला. २०२० मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये चार प्रकारच्या ब्रशांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला गेला: विजेचा, साधा प्लास्टिकचा, डोके बदलता येणारा प्लास्टिकचा आणि बांबूचा. विजेचा सर्वांत मागे राहिला, यात आश्चर्य नव्हते. पण बांबूचा बिनविरोध निवडून आला नाही. डोके बदलता येणारा प्लास्टिकचा ब्रश त्याच्या खांद्याला खांदा लावून होता, कारण बांबूला जमीन लागते, आणि ती जमीन दुसऱ्या कशाची तरी असते. मुली दोन दिवस नाराज होत्या. अॅडिसच्या काळच्या चांदीच्या डबीतला ब्रश डोके बदलता येणारा होता, हे सांगून मी त्यांची समजूत घातली.

कागदावर हे सगळे ठीक, पण माणसाने करूनही पाहावे. मी सत्तरीतला, खालच्या तीन दाढा गेलेल्या. कार्तिकात सोसायटीच्या आवारातल्या कडुनिंबाची बारा अंगुळांची एक काडी कापून घेतली. कालेलकरांच्या पद्धतीने टोक खलबत्त्यात ठेचले. चव अर्थातच कडूजहर. तिसऱ्या दिवशी तिची सवय झाली. रोज वापरलेले अंगुळभर टोक कापायचे, उरलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पाच दिवस एक काडी चालली. सहाव्या दिवशी लाकूड वाळून ठेचले तरी कुंचला होईना. मोजली तर सात अंगुळे उरली होती, म्हणजे विनयाच्या नियमात बसणारी. इत्सिंगच्या नियमाने मात्र एका अंगुळाने आखूड.

म्हटले, टाकण्यापूर्वी जिभेचा प्रयोग करावा. ती चिरायला गेलो तर आडवी तुटली. दुसरा तुकडा घेतला, तोही तुटला. फाटकाजवळ आमचे राखणदार उभे होते. जालन्याकडचे, साठीचे गृहस्थ. ते बराच वेळ बघत होते.

"वाळली ती साहेब," ते म्हणाले. "ओली असताना चिरावी लागती. घासली की लगेच."

त्यांनी झाडाची कोवळी फांदी वाकवून करंगळीएवढी काडी तोडली, साल तशीच ठेवून टोक दातात धरले आणि दोन्ही हातांनी अलगद खेचले. काडी बुडापर्यंत सरळ दुभंगली. मग तिची कमान करून त्यांनी मला दाखवली, दोन्ही टोकांना दोन-दोन बोटांची पकड उरली होती.

म्हणजे गांधीजींची काडी पाच दिवस टिकते, पण जीभ घासत नाही. इत्सिंगची जीभ घासते, पण तिला रोज नवी फांदी लागते. हे मी त्याच संध्याकाळी मुलींना फोन करून सांगितले. पलीकडे थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एकीने विचारले, "सर, मग जीभ घासणी वेगळीच केली तर? तांब्याची, एकदाच घ्यायची. आणि मुठीला झाकणच नको."

अहवालात माझ्या दोन पानांचा एक परिच्छेद झाला. आयुष्यांचा तक्ता मात्र त्यांनी पहिल्या पानावर छापला.